आज वारा कुठला?

मामांच्या गाडीत एसी कधी लागला नाही. एसी बिघडलेला नव्हता. कंपनीच्या गाड्या आणि सामान माझ्याकडे असल्यामुळे तो मीच दुरुस्त करून घेतला होता. पण मामांचं म्हणणं असं की एसीत बसलेल्या माणसाला वारा कळत नाही, आणि ज्याला वारा कळत नाही त्यानं पक्ष्यांबद्दल बोलू नये. त्यामुळे अल ऐनपासून आमच्या कॅम्पापर्यंतचा रस्ता मे महिन्यातसुद्धा काचा खाली करून काटायचा. शेजारी बसून मी घाम आणि धूळ यांचा चिखल होऊन जायचो. तरी काच लावू का, असं विचारायचा मला धीर होत नसे. मला कशाचंही अपराधी वाटतं. बायको म्हणते, सिग्नलला थांबलात तरी तुम्ही मागच्या गाडीची माफी मागाल.

मामा हे नात्यानं कुणाचेच मामा नव्हते. करमाळ्याकडच्या माळावरचा हा माणूस तरुणपणी साइटवर ड्रायव्हर म्हणून इकडे आला आणि एका पाकिस्तानी ससाणेवाल्याच्या संगतीत बिघडला. 'बिघडला' हा त्यांचाच शब्द. मी कंपनीत लागलो तेव्हा त्यांची साठी जवळ आली होती आणि केस मेंदीनं लाल केलेले होते. पहिल्याच दिवशी मी त्यांना 'सर' म्हणालो. ते म्हणाले, "सर म्हणशील तर शिकवावं लागेल. मामा म्हण, म्हणजे नुसतं ओरडलं तरी चालतं."

आमचं काम काय ते सांगायला हवं, कारण गावाकडे कुणाला ते पटत नाही. अल ऐनच्या दक्षिणेला वाळवंटात कुंपण घातलेलं एक मोठं राखीव रान आहे. फार्मवर वाढवलेले हुबारा तिथं सोडतात आणि हिवाळ्यात, परवाना काढून, ससाण्यानं त्यांची शिकार करता येते. बंदूक नाही. बाहेरच्या जंगली पक्ष्याला हात लावायचा नाही. हुबारा म्हणजे आपल्या माळढोकाचा धाकटा चुलतभाऊ. मातीच्या रंगाचा, लांब मानेचा, उडण्यापेक्षा चालणं पसंत करणारा. खाली बसला की डोळ्यांसमोर असून दिसत नाही. आमचे शेठ मराठीच आहेत, त्यांच्याकडे या कॅम्पांचं कंत्राट. तंबू, गाड्या आणि सामान मी बघायचो. जेवण वहिनींचं, म्हणजे शेठांच्या पत्नींचं. आणि पक्षी कुठं असतील, कुठल्या दिवशी, कुठल्या बाजूनं जायचं, हे सगळं मामांचं.

पक्षी शोधायला जायचं नाही, असं ते म्हणत. पक्ष्याला जे हवं ते शोधायचं. त्याला खायला कोवळा पाला आणि किडे हवेत, बसायला पाठीमागं झुडूप हवं, आणि पळायची वेळ आली तर समोर मोकळं मैदान हवं. हे तिन्ही जिथं असेल तिथं जाऊन गप्प बसायचं. पाहुणे येण्याच्या कितीतरी आधी ते रानात जात. अँटेनाला पंच्याची एक चिंधी बांधलेली असे, ती कुठं फडफडते ते बघत तासन्‌तास बसत. झुडपांची पानं तोडून चावत. पानात खारटपणा किती उतरलाय त्यावरून पक्षी ते खाईल की नाही हे कळतं, हा त्यांचा सिद्धांत. एकदा कसलंतरी नवं झुडूप त्यांनी चावलं आणि अख्खा कॅम्प तंबूमागच्या वाळूत खड्डे करत काढला. पाहुण्यांनी विचारपूस केली तर म्हणाले, "हे पक्षी खात नाही. खात्री झाली."

हे सगळं बरोबरच असे असं नाही. माझं घरसुद्धा त्यांनी याच नियमानं निवडून दिलं होतं. अल ऐनमध्ये मी फ्लॅट बघत होतो. मामा माझ्याबरोबर आले, आतल्या खोल्या बघितल्याच नाहीत, खाली रस्त्यावर उभे राहून बराच वेळ वर बघत राहिले. मग म्हणाले, हाच घे, याच बाल्कनीत चिमण्या बसतात, म्हणजे इथं सावली टिकते आणि वारा फिरतो. मी घेतला. चिमण्या बसत होत्या त्या खालच्या शावरमाच्या दुकानाच्या धुराड्याच्या उबेला. आजही आमच्या पडद्यांना कोंबडीचा वास येतो. मुलगी म्हणते, "बाबा, युअर मामा हॅज नो आयडिया अबाउट रिअल इस्टेट." मी मामांना हे कधी सांगितलं नाही. ते घरी आले की बाल्कनीत उभे राहून समाधानानं चिमण्यांकडे बघत, आणि मी चहा आणायला आत जात असे.

वहिनींचं आणि त्यांचं वैर फ्रिजवरून झालं. ऑफिसच्या फ्रिजमध्ये मामांचा एक आइस्क्रीमचा डबा असायचा. वहिनींनी एकदा तो खिरीचा समजून उघडला, तर आत हुबाऱ्यांची विष्ठा, वेगवेगळ्या पुड्या बांधून. पक्षी पाला खातोय की किडे, ते मामा त्यावरून ठरवायचे. वहिनी नाकाला पदर लावून बाहेर आल्या. त्यांच्या हातातला उघडा डबा बघून मामा कळवळून म्हणाले, "आधी झाकण लावा हो. वाळलं तर काही कळायचं नाही." त्यानंतर कितीतरी दिवस वहिनींनी त्यांच्याशी थेट बोलणं सोडलं. जेवायला वाढतानासुद्धा मला सांगत, मामांना विचार भात हवा का. ते दोन हातांवर बसलेले असत.

माझ्या हातून जी चूक झाली ती आपल्याकडच्या कुठल्याही माणसाच्या हातून झाली असती. एका हिवाळ्यात रानात चांगला पाऊस झाला. पावसाची बातमी आपल्याला आनंदाचीच वाटते. मी शेठना फोन करून सांगितलं की रान हिरवं झालंय, आता पक्षीच पक्षी मिळतील. शेठनी लगेच पाहुण्यांना बोलावलं. मामा दुसऱ्या दिवशी आले, त्यांनी कोवळ्या गवतावर नजर टाकली आणि डोक्याला हात लावला.

"सगळीकडंच ताट वाढलंय," ते म्हणाले. "आता कोण कुठल्या पंगतीला बसलंय ते तू शोध."

खरंच, पक्षी रानभर पांगले होते. पाहुणे बहुतेक रिकाम्या हातानं गेले. मी मामांची इतक्यांदा माफी मागितली, की शेवटी ते वैतागून म्हणाले, चूक एकदाच झाली ना, मग माफीही एकदाच माग. उरलेल्या माफ्या पुढच्या चुकांसाठी ठेव.

आणखी एक गोष्ट. पक्षी दिसला आणि ससाण्याच्या डोळ्यांवरची टोपी निघाली, की मामा पाठ फिरवत. सगळे श्वास रोखून आकाशाकडे बघत असायचे आणि मामा टायरमधली हवा तपासत असत नाहीतर थर्मासमधून चहा ओतत असत. मी एकदा विचारलं. ते म्हणाले, माझं काम तिथवर आणण्याचं. पुढचं त्या दोघांचं आहे, आपण मध्ये कोण. पक्षी निसटला की ओरड्यावरून त्यांना कळायचं, आणि मग त्यांचा चहा जरा जास्त गोड लागत असावा असं मला उगाच वाटायचं.

त्यानंतरचा हिवाळा कोरडा गेला. पावसाचं नाव नाही. झुडपं काळी पडली होती, हातात धरली की मोडायची. नेमके त्याच वेळी मोठे पाहुणे येणार होते. अबुधाबीकडचे एक वयस्क गृहस्थ, आम्ही त्यांना अरबाब म्हणायचो. वर्षानुवर्षं ते आपला गोतावळा आणि ससाणे घेऊन येत आणि त्यांच्या मर्जीवर आमचं कंत्राट चालत असे. शेठनी मामांना ऑफिसात बोलावलं. मी तिथंच होतो. शेठ वाईट माणूस नाही, त्यांनाही ते बोलणं जड गेलं. मामांची साठी उलटून गेली होती, व्हिसा आणि इन्शुरन्स दर वेळी अवघड होत चालले होते. शेठ म्हणाले, मामा, या वेळी पक्षी दाखवा. पक्षी दिसले तर तुमचा व्हिसा मी कुणाशीही भांडून काढीन. नाही दिसले तर मला काही कारणच उरणार नाही.

मामांनी मान हलवली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "गावाला जाऊन मी काय करू रे? घर आहे. पण तिथं आता माणूस नाही आणि माळावर पक्षी नाही."

त्या दिवसांत मला पाण्याचा हिशेब लागत नव्हता. कॅम्पाचे काही कॅन भरून जात आणि परत येत नसत. आणि शुक्रवारी दुपारी मामा गाडी घेऊन कुठंतरी जात. संशय घेतल्याचं मला आधीच वाईट वाटत होतं, तरी एका शुक्रवारी मी त्यांच्या चाकोरीमागून गेलो. रानाच्या अगदी टोकाला, खडीच्या एका लांब उंचवट्यापलीकडे एक खोलगट जागा आहे. तिथं दोन-तीन घाफची, म्हणजे आपल्या शमीची, झाडं. झाडाला एक निळं पिंप टांगलेलं होतं आणि त्याला, गावाकडे रोपांना लावतात तशी, सलाइनची नळी. थेंब थेंब पाणी वाळूत मुरत होतं. आणि भोवती, सगळं रान जळून गेलेलं असताना, एका अंगणाएवढी जागा हिरवी होती. वाळूवर तीन बोटांचे ठसे इतके, की पाय कुठं ठेवावा कळेना.

मामा लांब गाडीच्या सावलीत बसले होते. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

"हुबारा पाणी फारसं पीत नाही," ते हळू आवाजात म्हणाले, जणू मी तेवढंच विचारायला आलो होतो. "भांडं भरून ठेवून उपयोग नाही. पाण्यानं जे उगवतं ते खातो, त्यावर किडे येतात ते खातो. उन्हाळ्यात मरत होते रे. फार्मवरची पोरं ती, कुठं जायचं हे त्यांना आईनं दाखवलेलं नाही."

मी म्हणालो, "मामा, सगळे पक्षी इथंच आहेत."

"हो."

"मग अरबाबना इथंच आणू. उद्याचा प्रश्न मिटला. तुमचा व्हिसा…"

ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नव्हे. आपला माणूस असं कसं बोलला, अशा नजरेनं.

"रानात त्यांचं ते हिंडत असले तर माग काढून नेतो मी. तो खेळ आहे, त्याला पळायला मैदान आहे. पण इथं मी त्यांना वाढलंय. भरल्या ताटावरून उठवतात का कुणाला, आपल्यात?"

 आमच्या घरी उधारीवाला आला तरी वडील जेवत असले की ओसरीवर बसून राहायचा. मामा पुढं म्हणाले, "तुला शेठना सांगायचं असेल तर सांग. मी तुला वाईट म्हणणार नाही." हे त्यांनी म्हणायला नको होतं. बंदी घातली असती तर मला सोपं गेलं असतं.

अरबाब आले. मामांनी आपलं काम प्रामाणिकपणे केलं, हे मला इथं लिहायलाच हवं. पहाटे धुकं पडेल असा अंदाज त्यांनी बांधला आणि तो खरा ठरला. धुक्याचं दव झुडपांवर बसतं, किडे वर येतात, मग एखादा चुकार पक्षी चरायला निघतो. दक्षिणेच्या मैदानात, वाऱ्याकडे तोंड करून, त्यांनी गाड्या अर्धगोलात लावल्या. त्या कोरड्या रानात याहून चांगली योजना कुणी केली नसती. दोन्ही सकाळी मिळून एक पक्षी उठला आणि तोही ससाण्याच्या खालून झुकांडी देऊन गेला. मामा तेव्हा टायर तपासत होते.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर सगळे गालिच्यावर बसले. अरबाब जुन्या पिढीचे, छान हिंदी बोलायचे. त्यांनी मामांना जवळ बोलावलं आणि अगदी शांतपणे विचारलं, पक्षी गेले कुठं. शेठ पाठीमागं उभे होते. मी कॉफीची किटली धरून होतो. मामांना 'कुणास ठाऊक' म्हणता आलं असतं. मी मनात देवाचा धावा करत होतो की त्यांनी तेवढं म्हणावं.

मामा म्हणाले, "हमको मालूम है, अरबाब. बोलेगा नहीं."

शेठचा चेहरा मला आजही दिसतो. अरबाबनी मामांकडे बराच वेळ बघितलं. त्यांची नजर मामांच्या हातांवर गेली, नखांत ओल्या वाळूची कड होती. मग विचारलं, "पानी डालता है?"

मामांनी मान खाली घातली.

"खलास," अरबाब म्हणाले. माझ्या हातून किटली घेतली आणि स्वतः एक पेला भरून मामांच्या पुढं केला. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. जाताना शेठजवळ जेवणाची तारीफ केली आणि कंत्राट टिकलं.

परतीच्या वाटेवर शेठनी मला आपल्या गाडीत घेतलं. एसी जोरात चालू होता. ते म्हणाले, मामा माझ्या तोंडावर म्हणाले, माहीत आहे पण सांगणार नाही. मग मी काय करायचं? थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, तुला माहीत आहे का? मी म्हणालो, नाही. अरबाब अजून अल ऐनमध्येच होते, एक सकाळ शिल्लक होती. 'हो' म्हणालो असतो तर मामा आज इथं असते. हे वाक्य मी मनात किती वेळा उलटंसुलटं केलंय ते मला सांगता येणार नाही. दोन्ही बाजूंनी ते टोचतं.

मामा उन्हाळ्याआधी गावी परत गेले. भाकरीचा तवा माझ्या बायकोला दिला. वहिनी विमानतळापर्यंत आल्या आणि त्यांच्याशी थेट बोलल्या, वाटेत खायला दशम्या दिल्यात म्हणून. मला वाटलं, मामा मला पिंपाचं काम सोपवतील. तसं काही म्हणाले नाहीत. आत शिरण्याआधी एवढंच बोलले, "करायलाच पाहिजे असं नाही. पण एकदा केलंस तर मध्येच सोडू नकोस. सवय लावून सोडणं वाईट."

तेव्हापासून शुक्रवारी मी जातो.

गावाहून ते फोन करतात. कसा आहेस, पोरगी काय करते, असलं काही नाही. पहिला प्रश्न, आज वारा कुठला? मी ऑफिसात नाहीतर गाडीत, काचा बंद करून बसलेला असतो. मी अंदाजानं काहीतरी ठोकून देतो, शमाल आहे मामा, वायव्येचा. ते हुंकार देतात. त्यांना कळत असावं, आणि मला फोन ठेवल्यावर अपराधी वाटत राहतं.

यंदा मामांचं काम शेठच्या मुलाकडे आलं. दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये त्याचं छोटं ऑफिस आहे, उपग्रहाच्या चित्रांवरून हिरवळ कुठं आहे ते त्याचा प्रोग्रॅम दाखवतो. पोरगा चांगला आहे, मला अंकल म्हणतो. मागच्या आठवड्यात अल ऐनच्या ऑफिसात त्यानं लॅपटॉप माझ्यासमोर फिरवला. सगळं रान विटकरी रंगाचं, आणि टोकाला एक हिरवा ठिपका. जे शोधायला मला माग काढत जावं लागलं होतं, ते त्याला खुर्चीत बसून सापडलं.

"अंकल, व्हॉट इज धिस? पाइप लीक?"

या वेळी मला नाही म्हणता आलं नाही. मी सगळं सांगितलं. पिंप, नळी, मामा, शुक्रवार. त्याचे डोळे चमकले. "सो धिस इज अवर बेस्ट स्पॉट."

"हो," मी म्हणालो. "आणि तिथं जायचं नाही."

"बट व्हाय?"

भरलं ताट इंग्रजीत कसं सांगायचं ते मला येईना. दोन-तीनदा प्रयत्न केला, ते नुसतं खाण्याच्या वेळेबद्दल वाटत होतं. शेवटी म्हणालो, आईला विचार. मला वाटलं, संपलं. ज्या बाईनं फ्रिजमधला तो डबा उघडला होता, ती मामांच्या पक्ष्यांची बाजू कशाला घेईल? त्यानं फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं.

"पाणी कोण घालतं आता?" त्यांनी विचारलं.

"अंकल."

"मग तू मध्ये पडू नकोस. आपल्या घरी जेवत्या माणसाला कुणी उठवलेलं बघितलंयस का कधी? आणि अंकलना सांग, पाणी नेताना आपली किचनची गाडी न्या, तुमच्या कॅनांवर किती दिवस भागणार."

मुलगा लॅपटॉपकडे बघत बसला. मग त्यानं त्या ठिपक्याभोवती लाल गोल काढला आणि वर काहीतरी टाइप केलं. मी वाकून वाचलं. 'स्टाफ किचन. नो एंट्री.'

"ओके?" त्यानं विचारलं. मी ओके म्हणालो. 

त्या संध्याकाळी मामांचा फोन आला. मी त्यांना ठिपक्याचं सांगितलं, लाल गोलाचं सांगितलं, वहिनी काय म्हणाल्या तेही.  लाइन तुटली की काय म्हणून मी दोनदा हॅलो म्हणालो.

"आहे," मामा म्हणाले. मग खाकरून त्यांनी विचारलं, "आज वारा कुठला?"

शमाल, असं माझ्या तोंडावर आलं होतं. खिडकी बंद, एसी चालू.

"माहीत नाही, मामा," मी म्हणालो. "थांबा. बघून सांगतो."

आणि फोन कानाला तसाच धरून मी दार उघडून बाहेर गेलो.